भिंतीपासून तळव्यापर्यंत

दुकानात तीनचाकी सायकली एकूण सात होत्या. दोन अगदी लहान मुलांच्या, त्यांतल्या एकीच्या हँडलला झिरमिळ्या. एक माल वाहायची, पुढे लाकडी खोकं असलेली. दोन उंच सीटच्या, म्हाताऱ्या माणसांनी बाजारहाटाला घ्याव्यात अशा. आणि दोन मागे रेलून, पाय पुढे पसरून चालवायच्या: एक हिरवी, एक लाल. सगळी मिळून चाकं एकवीस. त्यांतल्या चारांत हवा नव्हती.

मला शेवटच्या दोनपैकी एक हवी होती, माझ्या धाकट्या बहिणीसाठी. ती तेरा वर्षांची आहे. बाळपणी रांगण्याऐवजी लोळत लोळत खोलीभर फिरायची, म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं. तिचा डावा पाय जन्मापासून कमजोर आहे आणि तोल सांभाळणं तिला जमत नाही. चालते, पण चारशे मीटर झाले की बसायला कट्टा शोधते. दोन चाकांची सायकल तिला कधी आलीच नाही. लहानपणची तीनचाकी नवव्या वर्षी अपुरी पडली, आणि उंच सीटच्या तीनचाकीवरून ती वळणावर दोनदा कलंडली.

शाळा घरापासून दोन किलोमीटर चारशे मीटर. चार वर्षं मीच तिला स्कूटरवर मागे बसवून सोडत होते. पण मला दुसऱ्या शहरात, वजनं-मापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती आणि अकरा दिवसांनी, रविवारी, मी जाणार होते. आई गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात. ती सातला निघते, शाळेच्या उलट्या दिशेला. बाबा मालवाहू बोटीवर, वर्षातले आठ महिने फोनमध्ये. घराबाहेर पडलं की दीडशे मीटरवर पूल लागतो, आणि त्या पुलावर सातपर्यंत ट्रक धावतात. शाळेचं फाटक सात पंचविसाला बंद होतं. म्हणजे हातात पंचवीस मिनिटं.

तेवढ्या वेळात ती एकटी पोचत नसेल तर तिचं नाव घराजवळच्या शाळेत घालायचं, असं आईने ठरवलं होतं. अर्ज भरून शिलाई मशीनच्या खणात ठेवलेला होता, बॉबिनांच्या डबीखाली. भिंगरीला ती शाळा नको होती. ‘‘तिथे पायाची गोष्ट पहिल्या धड्यापासून सांगावी लागेल,’’ ती म्हणाली होती. ‘‘इथे सगळ्यांचा तो धडा होऊन गेलाय.’’

दुकानदारकाका माझ्या पाठोपाठ फिरत होते. त्यांच्या कानामागे पेन्सिल होती आणि पेन्सिलीला ग्रीस.

‘‘या दोन आरामखुर्च्या,’’ ते म्हणाले. ‘‘चालवता चालवता डोळा लागला तर दुकान जबाबदार नाही.’’

मी दोन्हींचं वजन केलं. हिरवीचं अठ्ठावीस किलो, लालचं सतरा. हिरवीला पुढे एक चाक, मागे दोन. सीट जमिनीपासून त्रेचाळीस सेंटीमीटर. लालला पुढे दोन, मागे एक. सीट चोवीस सेंटीमीटरवर. पेडल दोन्हींना पुढे निघालेल्या दांड्याच्या टोकाला. दांडा आत-बाहेर सरकवून पायाच्या लांबीला जुळवायचा.

‘‘मुलीच्या पायाचं माप काय?’’ काकांनी विचारलं.

माझ्या वहीत तिची उंची होती, वजन होतं, तळव्याची लांबी होती, दोन्ही हातांच्या मुठीची ताकद होती. हे नव्हतं.

‘‘भिंतीला पाठ टेकवून जमिनीवर बसवायचं,’’ काका म्हणाले. ‘‘पाय सरळ पुढे. भिंतीपासून तळव्यापर्यंत मोजायचं. लालचा दांडा पूर्ण आत घेतला तरी चौऱ्याण्णव सेंटीमीटर लागतात. त्याच्या खाली असेल तर लाल विसरा.’’

मी तिथूनच घरी फोन लावला. आईने भिंगरीला भिंतीशी बसवलं. ‘‘सरळ बस, कुबड काढू नकोस,’’ एवढं ऐकू आलं. मग आई म्हणाली, ‘‘साडेसदतीस इंच.’’

मी वहीत लिहिलं: ९५.२५ सेंमी. खाली दोन रेघा मारल्या.

आईच्या मापावर कुणी शंका घेत नाही. ती सव्वीस वर्षं टेप गळ्यात घालून वावरते. पाहुण्यांच्या खांद्यांकडे बघून त्यांची छाती सांगते. तिची टेप मी कॉलेजात असताना प्रयोगशाळेतल्या पोलादी पट्टीला लावून तपासली होती. एका मीटरला अर्धा मिलिमीटर चूक. एवढी चूक चालते.

शनिवारी मी भिंगरीला दुकानात घेऊन गेले. घरी मी एक तक्ता केला होता: चौदा रकाने, प्रत्येकाला पाचपैकी गुण. बसायला सोपी, उठायला सोपी, वळणावर स्थिर, ब्रेक एका हाताने लागतो का, असे. तिने तो रस्त्यातच वाचून काढला.

‘‘मोजपट्टी, तू सायकल बघतेयस की माझं लग्न ठरवतेयस?’’

‘‘लग्नाला वीस रकाने लागतील.’’

‘‘त्यात ‘उठायला सोपी’ ठेवू नकोस म्हणजे झालं.’’

आधी हिरवी. तिच्यात ती खुर्चीत बसावी तशी बसली. दुकानाच्या बाहेर माल चढवायची एक उतरण होती, सहा मीटर लांब. भिंगरी दोन मीटर चढली आणि थांबली. काकांनी गिअर बदलून दिला. तीन मीटर. तिच्या मानेवरची शीर वर आली होती.

‘‘बस, बाळा, बस,’’ काका म्हणाले.

‘‘बाळा कोण?’’ ती धापा टाकत म्हणाली.

‘‘चुकलं, मॅडम.’’

मग लाल. बसताना तिला माझा खांदा लागला; खाली बसणं म्हणजे जवळजवळ जमिनीवरच. काकांनी दांडा पूर्ण आत घेतला. डावा पाय पेडलवरून निसटून चाकाखाली जाऊ नये म्हणून टाचेला वाटी आणि वर पट्टा लावला. पाय पूर्ण लांबवल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा, दहा ते पंधरा अंश. मी कोनमापक लावला. चौदा.

‘‘हल,’’ मी म्हणाले, ‘‘जरा नीट बस.’’

‘‘नीटच बसलेय.’’

पुन्हा लावला. पुन्हा चौदा. उतरणीवर ती वरपर्यंत गेली, हळूहळू, दात दाबून. वर पोचल्यावर रस्त्यावरून जाणारा एक माणूस थांबला आणि त्याने तिला विचारलं, ‘‘कुठून आणली ही?’’ भिंगरीने दुकानाकडे बोट केलं. असं बोट मी आधी कधी पाहिलं नव्हतं, एखादी राणी आपला किल्ला दाखवते तसं.

तक्त्यात लालला एक्केचाळीस गुण झाले, हिरवीला अडतीस. काका म्हणाले, ‘‘आठवडाभर चालवून बघा. पुढच्या शनिवारी संध्याकाळी सांगा, ठेवताय की परत करताय.’’

त्या रात्री आईने मागे लावायला झेंडा शिवला, कारण इतकी बुटकी सायकल मोटारीतून दिसणार नाही. रस्त्यावर काम करणाऱ्या कामगारांच्या जाकिटांचं भगभगीत नारिंगी कापड कारखान्यातून उरलेलं होतं. भिंगरीने बजावलं की झेंड्यावर काहीही काढायचं नाही, ससा तर मुळीच नाही.

सोमवारी सात वाजता आम्ही निघालो. ती लालवर, मी मागे माझ्या सायकलवर, घड्याळ लावून. ठरलेलं असं होतं की मी हात लावायचा नाही आणि बोलायचं नाही. पूल चढायला तिला अकरा मिनिटं लागली. फाटकाशी पोचलो तेव्हा एकोणतीस मिनिटं चाळीस सेकंद झाले होते. फाटक बंद. फाटकवाल्याने पहिलाच दिवस म्हणून आत घेतलं.

मंगळवार: एकतीस पंधरा. बुधवार: चौतीस पन्नास. दोन्ही दिवशी त्याने उशिराची नोंद करून आत सोडलं.

हे उलटं होतं. सरावाने वेळ कमी व्हायला हवा. मी दुपारी हवा तपासली, तिन्ही चाकांत. मग चाकं उचलून फिरवली आणि थांबेपर्यंतचे फेरे मोजले. मग पुढची दोन चाकं एकमेकांना समांतर आहेत का ते दोरी ताणून पाहिलं. दोन मिलिमीटरचा फरक होता, तो काढला. साखळी धुतली. ब्रेक घासत नाही ना पाहिलं. वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. माझी बॅग खोलीच्या मध्यभागी उघडी पडली होती आणि मी तिच्यात काहीच भरत नव्हते. येता-जाता तिच्यावर अडखळायचे आणि पुन्हा सायकलीपाशी जाऊन बसायचे.

‘‘अगं, तिला विचार ना,’’ आई म्हणाली.

‘‘विचारलं. म्हणते, बरं चाललंय.’’

‘‘मग चाललं असेल.’’

‘‘आई, चौतीस पन्नास.’’

आईने मशीनचा खण उघडला, बॉबिन काढली आणि खण बंद केला. अर्जाचा कोपरा मला दिसला.

गुरुवारी भिंगरी पुलाच्या मध्यावर थांबली. मी वीस मीटर मागे होते. तिने दोनदा जोर लावला, सायकल हातभर पुढे गेली आणि तेवढीच मागे आली. मग तिने ब्रेक ओढून धरला आणि समोर बघत राहिली. नारिंगी झेंडा वाऱ्याने तिच्याच डोक्यावर आपटत होता. मी ढकलत तिला पुलाच्या वर नेलं. तिने मागे वळून पाहिलं नाही. शाळेपर्यंत आम्ही दोघी काही बोललो नाही. या खेपेला ते ठरलेलं नव्हतं.

शुक्रवारी तिला स्कूटरवरच सोडलं. मागे बसल्यावर ती नेहमी माझ्या पाठीला टेकून बडबडते. त्या दिवशी दोन्ही हात मागच्या कडीला धरून बसली होती.

संध्याकाळी आई तिचे शाळेचे सदरे इस्त्री करत होती. पहिला झाला. दुसरा तिने टेबलावर पालथा पसरला, आणि इस्त्री हातातच राहिली.

‘‘इकडे ये,’’ तिने मला बोलावलं. ‘‘हे बघ.’’

मला काही दिसेना. पांढरा सदरा होता.

‘‘हात फिरव.’’

मी हात फिरवला. खांद्यांच्या मधे कापड खरबरीत झालं होतं, बारीक बारीक गोळे आले होते. कमरेपाशी कापड नव्यासारखं गुळगुळीत.

‘‘खुर्चीत दिवसभर बसणाऱ्या माणसाचा सदरा इथे झिजतो,’’ आईने कमरेवर बोट ठेवलं. ‘‘हिचा वरच झिजलाय. आणि ही खालची कड बघ, वर ओढून ओढून वाकडी झालीय. ही पोर त्या सायकलीत पाठ टेकून बसतच नाही. खाली घसरून बसते.’’

मी सदरा हातात घेऊन उभीच राहिले. मागे रेलून चालवायच्या सायकलीत सगळा जोर पाठीवरून येतो. कंबर सीटच्या पाठीला टेकली तरच पाय पेडल ढकलू शकतो. मधे मोकळी जागा असेल तर पाय ढकलतो पेडलला आणि सरकते मात्र कंबर. पदवीला हे मी आकृती काढून सोडवलं होतं. पाच गुणांना.

भिंगरी दारात उभी होती.

‘‘किती सरकतेस?’’ मी विचारलं.

‘‘पाय पोचेल तेवढी.’’

‘‘दुकानातसुद्धा?’’

‘‘तू कोन मोजत होतीस तेव्हा तर श्वास धरून बसले होते.’’

‘‘पण तुझं माप पंच्याण्णव आहे. पाय पोचायला हवा.’’

‘‘मला काय माहीत. नाही पोचत.’’

मी तिला भिंतीशी बसवलं. पाठ टेकवली, टाचा सरळ केल्या, आईची टेप लावली. साडेपस्तीस इंच. नव्वद पूर्णांक सतरा शतांश सेंटीमीटर.

मी आईकडे पाहिलं. आई इस्त्रीची वायर गुंडाळायला लागली, इस्त्री गरमच असताना.

‘‘तू साडेसदतीस म्हणालीस.’’

‘‘मग? वाढतं अंग आहे,’’ आई म्हणाली. ‘‘दोन इंच धरले. मुलांचं माप आहे तेवढंच कुणी सांगतं का?’’

हे मला ठाऊक असायला हवं होतं. माझा शाळेचा झगा मी चार वर्षं वापरला. पहिल्या वर्षी त्याच्या बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत यायच्या आणि मी पेन्सिल धरली की फक्त पेन्सिल दिसायची. माझे बूट कापूस घालून, भिंगरीचा स्वेटर दुमडून. आमच्या घरात कुणालाही काहीही पहिल्या वर्षी बसलेलं नाही. टेप मी तपासली होती. आईला मात्र एक प्रश्नसुद्धा विचारला नव्हता.

‘‘आणि तू का नाही बोललीस?’’ मी भिंगरीला म्हणाले. ‘‘आठवडा गेला. मी चाकांचे फेरे मोजत बसले.’’

‘‘बोलले असते तर तू लालवर फुली मारली असतीस. हिरवी चढतच नाही. मग राहिलं काय? खणातला कागद.’’ ती अजून भिंतीशीच बसली होती, पाय पसरून. ‘‘आणि हिरवीत बसलं की लोक विचारतात, काय झालं. लालमध्ये विचारतात, कुठून आणली.’’

मी वही उघडली. चौऱ्याण्णव वजा नव्वद: चार सेंटीमीटर कमी. दांडा आणखी आत जात नव्हता. पेडल ज्यांवर फिरतात ते दांडे आखूड मागवायचे तर तीन आठवडे लागतील, असं काका एकदा सहज म्हणाले होते. उद्या शनिवार होता, परवा माझी गाडी होती.

‘‘चार कमी पडतात ना?’’ आई म्हणाली. ‘‘मग पाठच पुढे आण.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे उशी. पाठीमागे.’’

‘‘उशी दबते. उशी दबली की पुन्हा तेच.’’

‘‘मी तुला कापसाची म्हणाले का?’’

तिने पलंगाखालून एक गाठोडं ओढलं. कोटाच्या खांद्यांत घालायचं जाड, दाबून घट्ट केलेलं लोकरी कापड होतं, करड्या रंगाचं. तिने चौकोन कापले, एकावर एक ठेवले, चार थर. मी पट्टी लावली: एक्केचाळीस मिलिमीटर. मग त्यावर लाकडी पाट आणि पाटावर माझी सगळी पुस्तकं ठेवली, वीस किलो. छत्तीस.

‘‘पाच मिलिमीटर दबतं,’’ मी म्हणाले.

‘‘मग अजून एक थर.’’ आईने पाचवा चौकोन कापला. ‘‘बघ, आता कमी धरलं म्हणून माझ्या नावाने ओरडू नकोस.’’

‘‘आई, थर शिवून टाकू नकोस,’’ भिंगरी म्हणाली. ‘‘नाड्या लाव. मी वाढले की एकेक काढू.’’

‘‘ही बघ,’’ आई मला म्हणाली. ‘‘आणि मला हसत होतात.’’

नऊ वाजेपर्यंत गवसणी शिवून झाली. सहा नाड्यांनी ती सीटच्या जाळीला बांधली. भिंगरी आत बसली, आणि या वेळी मी तिची कंबर आणि गवसणी यांच्यामधे कागद घालून पाहिला. कागद शिरला नाही. कोनमापक लावला. बारा अंश.

‘‘श्वास सोड,’’ मी म्हणाले.

‘‘सोडलाय.’’

बारा.

शनिवारी मी तिच्या मागे गेले नाही. तिनेच सांगितलं. ‘‘तू मागे असलीस की मला घड्याळ ऐकू येतं.’’ मी पावणेसातला स्कूटरवर निघाले आणि शाळेच्या फाटकासमोर जाऊन उभी राहिले. सात वाजता आईचा फोन आला आणि मी घड्याळ लावलं.

‘‘निघाली. मी पुलाच्या तोंडाशी उभी आहे.’’

‘‘तुला कामावर उशीर होईल.’’

‘‘होऊ दे.’’ फोन तिने चालूच ठेवला. काही मिनिटांनी तिचा आवाज जरा लांबून आला. ‘‘चढतेय. पाठ टेकलेली आहे. झेंडा दिसतोय. आता नाही दिसत.’’

‘‘नाही दिसत म्हणजे? थांबली?’’

‘‘अगं, पलीकडे उतरली.’’

मी घड्याळ पाहिलं. सात वाजून आठ मिनिटं. सोमवारी नुसता पूल चढायलाच अकरा लागली होती. पुढे दोन किलोमीटर, एक सिग्नल, दोन वळणं, एक शाळेच्या बसचा थांबा. मी फाटकापासून कोपऱ्यापर्यंत चालत गेले, त्रेसष्ट पावलं, आणि परत आले. मुलं यायला लागली होती. भिंगरीच्या वर्गातल्या तिघी फाटकाशी थांबल्या. कुणी कुणाला काही विचारलं नाही, पण आत कुणी जात नव्हतं.

फाटकवाला खुर्चीतून उठून भिंतीवरच्या घड्याळाखाली उभा राहिला. मी त्याचं घड्याळ माझ्या घड्याळाशी ताडून पाहिलं. ते चाळीस सेकंद पुढे होतं.

‘‘तुमचं घड्याळ पुढे आहे,’’ मी म्हणाले.

‘‘ताई, शाळा माझ्या घड्याळाने चालते.’’

मी वहीत हिशेब दुरुस्त केला: चोवीस मिनिटं वीस सेकंद. सात सतरा. सात एकोणीस. सिग्नलला किती थांबली असेल, हे मी गेल्या आठवड्यात मोजायला हवं होतं. सात बावीस. फाटकवाल्याने कडीला हात घातला. त्या तिघींपैकी एक पदपथावरून वाकून कोपऱ्याकडे बघत होती.

‘‘झेंडा,’’ ती म्हणाली.

आधी नारिंगी कापड दिसलं, मोटारींच्या छपरांच्या वर. मग दोन चाकं. मग ती. तोंड लाल, केस कपाळाला चिकटलेले, खांदे आणि कंबर दोन्ही सीटला टेकलेली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती फाटकवाल्याच्या हाताकडे बघत होती. मागचं चाक फाटकाच्या लोखंडी रुळावरून आत गेलं तेव्हा मी घड्याळ थांबवलं.

चोवीस मिनिटं, पाच सेकंद.